पडद्यामागून पाहिलेलं मरण

केरबा,

तुझ्या तिरडीला मी खांदा दिला नाही. द्यायला पुढं झालो होतो. तुझ्या आईनं माझा हात धरून बाजूला केला. तिचं रडणं थांबलं नाही, पण वाटेतली एखादी फांदी बाजूला सारावी तसा तिनं माझा हात बांबूवरून काढला आणि सोडून दिला. माझ्या जागी तुझा किकवीचा मेव्हणा लागला. सगळं गुंजवणं गाव अंगणात उभं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणालाही नवल वाटलं नाही. तेरा वर्षांपूर्वी तिनं मला तुझा जीव घेताना पाहिलं होतं, हे त्या अंगणातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मी सगळ्यांच्या मागून नदीपर्यंत आलो आणि लांब एका दगडावर बसून राहिलो.

आज एकविसावा दिवस. तुला अक्षर लागत नव्हतं, तरी लिहितोय, कारण तोंडानं बोलायची वेळ मी हातानं घालवली.

ती हलत्या चित्रांची कंपनी आली तेव्हा आपण दोघंही विशीच्या आसपास होतो. भाताची झोडपणी उरकली होती, लोक रिकामे होते. पुण्याहून दोन मोटारी मार्गासनीपर्यंत आल्या आणि पुढचं सामान आपल्याच गड्यांनी डोक्यावरून आणलं. पेट्या, पागोटी, ढाली, दाढ्या, आणि तिपाईवर बसवायचं ते लाकडी यंत्र, ज्याचा दांडा एक चष्मेवाला माणूस हातानं फिरवायचा. राजगडावर त्यांना लढाई घ्यायची होती आणि लढाईला माणसं कमी पडत होती. हलतं चित्र म्हणजे काय, हे गावातल्या दोघातिघांनीच भोरात पाहिलं होतं. बाकीच्यांना एवढंच कळलं की लढायचं, पण मरायचं नाही, आणि दोन वेळचं जेवण आहे.

मी पहिल्या रांगेत उभा राहिलो होतो, आठवतं? सातवी झालेला गावात मी एकटा. बोलणं स्वच्छ. मला वाटलं होतं, पुण्याची माणसं आल्याबरोबर मलाच ओळखतील. त्यांचे डायरेक्टर, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, रांगेवरून डोळा फिरवत आले, माझ्यावरून पुढं गेले आणि मागं शेणाच्या हातानं उभ्या असलेल्या तुझ्यापाशी थांबले. त्यांनी तुझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं.

"ह्याच्या चेहऱ्यावर ऊन कसं बसतंय बघा," ते यंत्रवाल्याला म्हणाले.

तू लाजून हात मागं लपवलेस. तुला भगवं निशाण मिळालं. मला डिंकानं दाढी चिकटवली आणि मोगल केलं.

पहिले दोन दिवस मजेतच गेले. चंदेरी कागद लावलेल्या फळ्या धरून माणसं उन्हाचा झोत आपल्या तोंडावर पाडायची आणि डोळे मिटले की अण्णा ओरडायचे. तिसऱ्या दिवशी, गुंजवणे दरवाज्याच्या खालच्या पायऱ्यांवर, अण्णा तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "केरबा, अक्षयतृतीयेला पुण्याला निघून ये. कंपनीत राखून ठेवतो तुला. वर्षभरात तुझं नाव करतो."

तू आधी माझ्याकडं पाहिलंस. मग म्हणालास, "नाम्या, तू बी चल की."

अण्णा हसले. "याला कशाला? मोगल आम्हाला पुण्यात ढिगानं मिळतात."

सगळे हसले. केरबा, तूही हसलास. तुझ्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर घटकाभरानं तो देखावा घेतला. तू निशाण घेऊन वर चढायचं, मी तटाच्या कोपऱ्यातून निघून मागून वार करायचा. तलवार लाकडाची, वरून पत्रा मारलेला. अण्णांनी चारदा समजावलं होतं की तलवार तुझ्या खांद्यापासून वीतभर अलीकडं थांबवायची, लागली असं प्रेक्षकाला वाटलं की झालं. दांडा फिरायला लागला. त्याची ती टकटक सुरू झाली. तू वर चढत होतास, तुझ्या मानेवर ऊन होतं. मला वीतभर अलीकडं थांबायचं होतं.

मी थांबलो नाही.

पत्र्याची धार तुझ्या कानाच्या वर बसली. तू खरोखरीचा कोसळलास आणि निशाण तुझ्या अंगावर पडलं. अण्णा आनंदानं ओरडले, "वा! असाच पडून राहा! हलू नकोस!" मग यंत्रवाल्याला म्हणाले, "हे पुन्हा घ्यायची गरज नाही."

रामनवमीच्या उत्सवाला ते चित्र भोरात तंबूवाल्यानं आणलं. आपलं अर्धं गाव निघालं. विंझरपर्यंत पायी, पुढं बैलगाड्यांनी. तुझी आई आयुष्यात पहिल्यांदा भोरला येत होती. वाटभर ती गाडीतल्या बायकांना सांगत होती, "माजा केरबा निशाणवाला हाय." तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मला तिनं वाटेत स्वतःच्या हातानं दशमी खायला दिली. तिच्या हातचं ते शेवटचं खाणं, हे मला माहीत नव्हतं.

नदीकाठच्या माळावर तंबू होता. बाहेर तेलाचं इंजिन धडधडत होतं आणि त्या आवाजानं छातीत काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. दिवस मावळताना पहिला खेळ. संस्थानच्या कचेरीतली, दरबारातली मंडळी मागं खुर्च्यांवर, आपण पुढं जमिनीवर, आणि बायका पडद्याच्या पलीकडे. त्या तंबूत तशीच रीत होती. पडदा पाण्यानं भिजवायचे म्हणजे चित्र आरपार उमटायचं. पलीकडे सगळं उलटं दिसायचं, उजवा हात डावीकडं, अक्षरंसुद्धा उलटी. पण अक्षरं वाचणाऱ्या तिकडं होत्याच किती? पडद्याच्या कडेला उभा राहून एक माणूस चित्राच्या मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा, त्याचा आवाज दोन्हीकडं पोचायचा.

तुला आठवतं का ती माणसं कशी बघत होती? घोडे पडद्यावरून पुढं दौडत आले तसे पहिल्या रांगेनं पाय पोटाशी घेतले. आपल्या पलीकडच्या म्हाताऱ्यानं नातवाला उचलून पाठीमागं टाकलं. राजे दिसले तसा सगळा तंबू हात जोडून उभा राहिला आणि जयजयकार झाला. उत्सवाचे दिवस, प्रत्येकाच्या खिशात गुलाल. कुणीतरी मूठ भरून राजांवर उधळला. ओल्या कापडाला तो चिकटला. राजे दरबारात निघून गेले, पण गुलालाचा तो डाग तिथंच राहिला आणि पाण्याबरोबर हळूहळू खाली ओघळायला लागला. काळ्यापांढऱ्या गडावर एकच लाल जागा. मला ती बघवत नव्हती. मला पुढचं ठाऊक होतं, आणि ते नेमकं कुठं घडणार तेही.

मग तू आलास. आपल्या गावानं एकदम हाळी दिली, "केरबा! आपला केरबा!" पडद्यापलीकडून बायकांचा गलका झाला. तू माझ्या शेजारी बसून तोंडावर हात धरून हसत होतास. कापडावरचा तू हसत नव्हतास. चेहऱ्यावर खरोखरच ऊन बसलं होतं, आणि तुला बघून मला पहिल्यांदा कळलं की अण्णा बरोबर होते. मला तुझा हेवा वाटण्यासारखंच होतं ते.

तटाच्या कोपऱ्यातून मी निघालो. तंबू गप्प झाला. इंजिन तेवढं धडधडत होतं. पाट्या वाचणारा म्हणाला, "आणि पाठीमागून घाला पडला..." एवढंच, आणि तोही थांबला. पडद्यावरच्या माझ्या दाढीवाल्या तोंडाकडं मी पाहिलं. केरबा, ते तोंड मी आरशात कधी पाहिलं नव्हतं. तलवार उतरली. तू पडलास. पडलास तो बरोबर त्या ओघळलेल्या गुलालाखाली, आणि तुझं डोकं लाल झालं.

पडद्यामागून तुझ्या आईची किंकाळी आली.

त्यानंतर काय झालं हे मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. कुणीतरी पायताण काढून पडद्यावर फेकलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. मग विंझरच्या एका गड्यानं मागून ओळखलं आणि ओरडला, "मारणारा ह्यो हितं बसलाय! ह्योच त्यो!" आणि पडद्याकडं असलेली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. चित्र चालूच होतं, त्यामुळं ती तोंडं उजळायची, विझायची, परत उजळायची. त्यांतलं एकही हसत नव्हतं. एकानं माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली. तेव्हा तू उभा राहिलास.

"आरं सोडा त्याला! म्या हितं हाय! जित्ता हाय म्या!"

तू झोताच्या मधोमध उभा होतास. तुझी सावली पडद्यावर पडली, छतापर्यंत, काळी, तू जिथं मरून पडला होतास तिथूनच वर आलेली. अलीकडच्या माणसांना तू दिसत होतास, म्हणून त्यांनी मला सोडलं, काही हसलेही. पलीकडच्या बायकांना तू दिसत नव्हतास. त्यांना फक्त पडलेला केरबा आणि त्याच्यातून उठलेला तो काळा आकार दिसला. पलीकडं धावपळ झाली, एक कनात खाली आली आणि पोरं रडायला लागली.

तुझी आई तंबूला वळसा घालून आली. कंदिलाच्या उजेडात तिनं तुझं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालांवरून, मानेवरून हात फिरवले, आणि कानाच्या वर केसात तिची बोटं थांबली. तिथं खूण होती. चार महिन्यांत भरली होती, पण बोटाला लागत होती.

"ह्ये काय?"

"गडावर पाय घसरला व्हता, आई. दगड लागला," तू म्हणालास.

तू माझ्यासाठी खोटं बोललास, आणि बोलताना माझ्याकडं पाहिलंही नाहीस. तिनं मात्र पाहिलं.

"नाम्या," ती म्हणाली, "तुज्या डोळ्यांत म्या बघितलं."

"काकी," मी म्हणालो, "तुमी मागनं बघत व्हता. तिकडनं समदं उलटं दिसतं."

"हात उलटं दिसत्यात," ती म्हणाली. "डोळं न्हाईत."

परतीच्या वाटेवर ती माझ्या गाडीत बसली नाही. गावात आल्यावर ती तुला घेऊन वेल्ह्याला मेंगाईच्या देवळात गेली आणि तुझ्याकडून शपथ घेतली की पुण्याला जायचं नाही आणि गड चढायचा नाही. अक्षयतृतीया आली आणि गेली. त्या दिवशी सकाळी तू नांगर खांद्यावर टाकून माझ्या दारावरून गेलास. थांबला नाहीस. एवढंच म्हणालास, "आईचं मन कुठं मोडायचं!" तुझं नशीब त्या दिवशी मी दुसऱ्यांदा अडवलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तू जाणार नाहीस म्हणून बरं वाटलं. ते बरं वाटणं माझ्या अंगाला किती वर्षं चिकटून राहिलं, हे तुला कधी कळलं का?

चित्र तंबूबरोबर निघून गेलं. आपल्याकडं ते पुन्हा कधी आलं नाही. पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी न पाहिलेल्यांना सांगितलं, आणि त्यांनी पुढच्यांना. सांगता सांगता ते चित्र वाढत गेलं. दुसऱ्या वर्षी मी दोन वार केले होते. तिसऱ्या वर्षी मी तुझ्या छातीवर पाय दिला होता. विंझरच्या बाजारात मी एका बाईला सांगताना ऐकलं की पडताना तू "आये!" म्हणून ओरडलास. त्या चित्राला आवाज नव्हता, केरबा! तंबूत इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण ती शपथेवर सांगत होती की तिनं या कानांनी ऐकलं, आणि भोवतीच्या बायका मान डोलावत होत्या.

तुझी दोन ठिकाणची लग्नं त्यानंच मोडली. "पोरगा चांगला हाय, पण त्येचं मराण झाल्यालं हाय," असं पासलीच्या पाहुण्यांनी तोंडावर सांगितलं. तू मला ते हसून सांगितलंस. रात्री जेवला नाहीस, हे तुझ्या चुलतभावाकडून कळलं. किकवीच्या माणसांनी चित्र पाहिलं नव्हतं म्हणून तुझं जमलं, आणि वहिनी आली. पण तिला आल्यानंतर महिनाभरात कुणीतरी सगळं सांगितलंच. तू शेतावरून यायला उशीर केलास की ती दारात उभी राहायची आणि गडाकडं बघायची, तू गडाच्या उलट्या बाजूला गेला असलास तरी.

मी विंझरला मास्तर झालो. पहिल्याच वर्षी एका पोरानं पाटीवर माझं चित्र काढलं. हातात तलवार होती. मी ते पुसलं आणि पाटी त्याला परत दिली. वर्गात मी हात उचलला की, फळ्यावर लिहायला उचलला तरी, पुढची पोरं माना आत घ्यायची.

आणि तू काय करायचास? दर बाजाराच्या दिवशी शाळेच्या पायरीवर येऊन बसायचास. मी बाहेर आलो की माझ्या गळ्यात हात टाकायचास आणि तसाच सगळ्या बाजारातून मला फिरवायचास. भाजीवाल्यापाशी थांबायचास, शिंप्यापाशी थांबायचास, मोठ्यानं बोलायचास. मला वाटायचं, तुला माझी संगत आवडते. आवडत होतीही. पण तू ते मुद्दाम करायचास, लोकांनी बघावं म्हणून, हे मला तू गेल्यावर कळलं. इतका उशीर लागला मला, केरबा, आणि मी मास्तर.

बोलपट आले तेव्हा तू वहिनीला घेऊन भोरला बघून आलास. मी आलो नाही. मी त्या माळाकडं पुन्हा गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी तू पायरीवर नाराज होऊन बसलास.

"काय रं, आवडला न्हाई?"

"गानी ग्वाड व्हती," तू म्हणालास. "पर आता पडद्यावरचीच बोलत्यात. आपुन गप बसायचं. कोन वरडंना, कोन काय फेकंना. मेल्यावानी बसल्याली समदी."

"बरंच की मग."

"बरं कशाचं? आपली आई त्या दिशी वरडली, ती येडी व्हती व्हय? तिला लागलं म्हनून वरडली."

त्यावर आपलं भांडण जुंपलं. मी म्हणालो, काकींना कळलं नाही, अडाणी माणसाला खोटं आणि खरं वेगळं करता येत नाही. तू पहिल्यांदाच माझ्यावर चिडलास. म्हणालास, पडद्यावरचं समदं खोटं असतं हे मलाही ठाऊक आहे, पण आईला अडाणी म्हणू नकोस. मी म्हणालो, मग तुझं म्हणणं काय, तिनं पाहिलं ते खरं होतं? तू माझ्याकडं बघत राहिलास. मग उठून बैल बघायला निघून गेलास. ते भांडण आपण पुन्हा काढलं नाही.

भाद्रपदात तुला हिवताप भरला. आपल्या खोऱ्यात तो कुणाला भरत नाही? चार दिवसांत उतरेल असं सगळे म्हणाले. मी रोज शाळा सुटल्यावर चालत यायचो आणि अंगणात उभा राहायचो. तेरा वर्षांत तुमच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. तुझी आई दारात बसलेली असायची आणि मला बघितलं तरी हलायचीही नाही. आतून तुझे दात वाजल्याचा आवाज यायचा.

पाचव्या दिवशी दुपारी ती वैद्याकडं काढा आणायला गेली होती. वहिनीनं मला हातानं आत बोलावलं. तू घोंगडीत होतास आणि डोळे तेवढे मोठे झाले होते. वहिनी पाणी आणायला गेली.

"नाम्या," तू म्हणालास, "एक इचारू?"

"इचार की."

"त्या दिशी तू खरंच मारलं व्हतंस न्हवं?"

बाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"झोप तू. ताप हाय तुला."

"मला राग न्हाई. नुसतं इचारतुय."

"खोटंच व्हतं ते, केरबा. तूच म्हनतोस न्हवं, पडद्यावरचं समदं खोटं असतंय."

तू डोळे मिटलेस. "बरं," म्हणालास.

ते "बरं" तू कसं म्हणालास हे मला लिहिता येत नाही. तू मला आणखी एकदा सोडून दिलंस, एवढंच समजतं. सातव्या दिवशी पहाटे तू गेलास. चित्रात तुला मरायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ लागला होता. इथं सात दिवस लागले, आणि पडद्यामागं कुणी नव्हतं, सगळे समोरच बसलेले होते.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी तुझी आई विंझरला शाळेत आली. एकटी, पायी. पोरं पाढे म्हणत होती, ती आपोआप गप्प झाली. ती दारात उभी राहिली. माझ्याशी ती तेरा वर्षांनी बोलत होती.

"त्यो खेळ कुठं मिळंल?"

मला कळेना.

"केरबाचा एक फोटू न्हाई घरात," ती म्हणाली. "सुनंकडं न्हाई, माज्याकडं न्हाई. त्योच हाय एक. त्येच्यात त्यो चालतुय, निशाण घेतुय. मला बघायचाय."

"काकी, त्यात फुडं..."

"फुडचं मला ठावं हाय. तरी बघायचाय."

मी दुसऱ्याच दिवशी नसरापूरहून मोटारीनं पुण्याला गेलो. महायुद्धाचे दिवस, रस्त्यावर लष्करी गाड्या, कुणाला थांबून बोलायला वेळ नव्हता. चार दिवस विचारत फिरलो तेव्हा कंपनीच्या जागेवर पोचलो. तिथं आता लाकडाची वखार आहे. कंपनीतला एक जुना सुतार तिथंच कामाला राहिला होता. त्याला राजगडची लढाई आठवत होती. निशाणवाला पोरगाही आठवत होता. "अण्णा त्याची वाट बघत होते बरं का," तो म्हणाला, "बरेच दिवस." मग त्यानं सांगितलं की बोलपट आले आणि मुकी चित्रं कुणी विचारीना. कंपनी बसली. अण्णा खचले आणि गेले. फितींच्या पेट्या भंगारवाल्यानं नेल्या. त्या फितींवर चांदी असते म्हणे, ती औषधात धुऊन काढतात, आणि धुतलेली फीत काचेसारखी कोरी होते.

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या."

मी वखारीच्या बाहेर बराच वेळ उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं. माझं ते तोंड जगात कुठंच उरलं नव्हतं. मग लक्षात आलं की तुझंही उरलं नाही.

काल संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. ती उंबऱ्यात बसली होती. मी अंगणात उभा राहिलो आणि सांगितलं, "काकी, न्हाई मिळाला. फितीच ऱ्हायल्या न्हाईत."

गोठ्यात म्हशीची साखळी वाजत होती. वहिनी चुलीपाशी पाठमोरी होती, तिचे हात थांबले होते.

"मंग तू सांग," तुझी आई म्हणाली.

"काय सांगू?"

"समदं. तू व्हतास तितं. बस आन् सांग."

मी मातीत बसलो आणि सांगायला लागलो. कंपनी कशी आली, तू मागं कसा उभा होतास, अण्णांनी तुझं तोंड उन्हाकडं कसं वळवलं. तू निशाण कसं धरलंस, वाऱ्यानं ते कसं फडफडत होतं, तू पायऱ्या कसा चढलास. ती माझ्या तोंडावरून डोळा हलवत नव्हती. मी तटाच्या कोपऱ्यापाशी आलो आणि थांबलो.

"थांबू नगंस."

"काकी," मी म्हणालो, "वीतभर अलीकडं थांबायचं व्हतं. म्या थांबलो न्हाई. कंपनी त्याला नेणार व्हती, मला न्हाई. मला राग आल्ता. तुमी बघितलं ते खरं व्हतं."

तुला द्यायचं उत्तर मी तिला दिलं, केरबा. तुला दिलं असतं तर तू हसून सोडून दिलं असतंस, म्हणूनच बहुतेक दिलं नाही.

वहिनी वळून बघत होती. तुझ्या आईनं उंबऱ्यावर हात टेकला. मला वाटलं, आता ती उठेल आणि दार लावेल.

"त्ये मला ठावं हाय," ती म्हणाली. "फुडं?"

"फुडं काय? पडला त्यो."

"पडला त्ये म्या बघितलं. फुडं?"

मला तिचं म्हणणं कळेना. मग एकदम कळलं. पडद्यावर तू पडलास आणि लगेच दरबार आला. तू परत दिसलाच नाहीस. तिच्यासाठी ते तिथंच थांबलेलं होतं, तेरा वर्षं.

"मंग दांडा थांबला, काकी," मी म्हणालो. "अण्णा म्हनले, ऊठ. आन् त्यो उठला. कानाच्या वरनं रगत येत व्हतं, त्ये त्यानं तळव्यानं पुसलं. अंगरख्याची धूळ झटकली. निशाण उचलून नीट तटाला टेकवून ठेवलं. माज्याकडं बघून हसला आन् म्हनला, 'नाम्या, लई जोरात लागलं की रं!' मंग आमी दोघं पद्मावती तळ्यावर पाणी प्यायला गेलो. त्यो फुडं, म्या मागं."

"उठला?" तिनं विचारलं.

"व्हय, काकी."

"आपल्या पायानं?"

"आपल्या पायानं."

तिनं पदर तोंडावर घेतला. मला आत बोलावलं नाही. माफ केलं असंही काही म्हणाली नाही. मी उठलो, धोतराची माती झटकली आणि अंगणाच्या कडेला पोचलो, तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"नाम्या, उद्या परत ये. मारल्यालं सांगू नगंस. उठल्यालं तेवढं सांग."